जुन्या भयाचा नवा देह : ‘नोस्फेरातू’चे पुनर्निर्माण

गाजलेल्या चित्रपटाची नव्याने निर्मिती करणे, म्हणजे सर्वसामान्य प्रेक्षक ज्याला ‘रिमेक’ म्हणतो ते करणे, कोणत्याही प्रकारात जोखमीचेच असते. परंतु भयपटाच्या बाबतीत ही जोखीम आणखी वाढते, आणि त्याचे कारण भय या भावनेच्या घडणीतच आहे. ओळखीचा विनोद दुसऱ्यांदा ऐकूनही हसू येते, शोकांतिकेचा शेवट ठाऊक असूनही डोळे पाणावतात. भय मात्र अज्ञातावर पोसले जाते, त्यामुळे दाराआड कोण उभे आहे हे एकदा कळले की तेच दार दुसऱ्यांदा उघडताना त्याची निम्मी धार गेलेली असते. त्यातच अभिजात ठरलेल्या भयपटांमधील प्रसंग विडंबनांतून, जाहिरातींतून आणि भित्तिपत्रकांतून इतके पसरलेले असतात की ते चित्रपट कधीही न पाहिलेला प्रेक्षकसुद्धा घाबरण्याआधी तुलना करू लागतो. तरीही निर्माते जुन्या भयपटांकडे पुन्हा पुन्हा वळतात, कारण ओळखीचे नाव अर्धी जाहिरात आपोआप करते. असे पुनर्निर्माण केव्हा साधते आणि केव्हा फसते, हे पाहण्यासाठी रॉबर्ट एगर्स या अमेरिकी दिग्दर्शकाचा डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘नोस्फेरातू’ फार उपयोगी पडतो, कारण एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा १९२२ चा जर्मन मूकपट, वेर्नर हर्झोग यांनी १९७९ मध्ये केलेली त्याची पुनर्निर्मिती आणि एगर्स यांचा चित्रपट अशी एकाच कथेची तीन रूपे शंभर वर्षांच्या अंतरात समोर ठेवता येतात.

या तुलनेत पहिली गंमत अशी की ज्याला मूळ म्हणायचे ते स्वतःच मूळ नाही. आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील काउंट हा व्हॅम्पायर, म्हणजे थडग्यातून उठून जिवंतांच्या रक्तावर जगणारे प्रेत, ट्रान्सिल्व्हेनियातून लंडनला येतो आणि काही पुरुष एकत्र येऊन त्याचा नाश करतात. गूढविद्येची ओढ असलेले चित्रकार आल्बिन ग्राऊ आणि त्यांचे भागीदार एन्रिको डीकमन यांनी बर्लिनमध्ये काढलेल्या प्राना-फिल्म या नव्या संस्थेने ही कादंबरी मुर्नाऊ यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आणली, पण हक्क विकत घेतले नाहीत. पटकथाकार हेन्रिक गालेन यांनी ड्रॅक्युलाचे काउंट ऑरलॉक केले, घराच्या व्यवहारासाठी काउंटच्या गडावर जाणाऱ्या जोनाथन हार्करचा थॉमस हुटर केला, त्याच्या पत्नीचे नाव एलेन ठेवले आणि लंडनऐवजी विस्बोर्ग नावाचे एक काल्पनिक जर्मन बंदर योजले. एवढी काळजी घेऊन श्रेयनामावलीत मात्र स्टोकर यांच्या कादंबरीचा उल्लेख करण्यात आला, हा भाबडेपणा होता की बेफिकिरी हे ठरवणे कठीण आहे. स्टोकर १९१२ मध्ये वारले होते, परंतु त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तोवर प्राना-फिल्मचे दिवाळे निघाले होते आणि काही प्रती परदेशी पोचल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचला. रिमेकने मुळाशी इमान राखले की नाही, हा प्रेक्षकांचा आवडता प्रश्न येथे निरर्थक ठरतो, कारण अभिजात मानला गेलेला चित्रपटच कादंबरीशी प्रामाणिक नव्हता आणि त्याचे मोठेपण नेमके त्या अप्रामाणिकपणात आहे.

मुर्नाऊ आणि गालेन यांनी कादंबरीत नसलेल्या ज्या गोष्टी घातल्या, त्यांवरच पुढचे सारे उभे राहिले. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही वावरतो, त्याची शक्ती तेवढी कमी होते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नाहीसा होतो ही आज सर्वत्र रूढ असलेली कल्पना या चित्रपटाने रुजवली. ऑरलॉकच्या जहाजाबरोबर उंदीर आणि प्लेग शहरात येतात, घराघरातून शवपेट्या निघू लागतात, हेही कादंबरीत नाही. शेवटी पुरुषांची फौज निष्प्रभ राहते आणि एलेन एकटी, आपल्या रक्ताने ऑरलॉकला पहाटेपर्यंत गुंतवून ठेवून, स्वतःच्या प्राणाच्या मोबदल्यात त्याचा अंत घडवते. इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर आणि पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर अवघ्या काही वर्षांत हा चित्रपट बनला, स्वतः मुर्नाऊ युद्धात वैमानिक होते, आणि ज्या प्रेक्षकांनी घरातली तरुण माणसे नुकतीच पुरली होती त्यांना रस्त्यातून शवपेट्या वाहून नेणाऱ्या माणसांची ती रांग काल्पनिक वाटण्याचे कारण नव्हते.

या भयाची मांडणीही लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. तत्कालीन जर्मन चित्रपटांत अभिव्यक्तिवाद नावाची शैली जोरात होती. मनातील अस्वस्थता बाह्य रूपात दाखवण्यासाठी वाकड्या भिंती, तिरक्या खिडक्या आणि रंगवलेल्या सावल्या असे नेपथ्य उभारायचे, ही तिची खूण, आणि १९२० चा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. मुर्नाऊ यांनी उलटी वाट धरली. त्यांनी कॅमेरा खऱ्या जागी नेला, विस्मार आणि ल्यूबेक या बंदरांत नेला, ल्यूबेकमधील मिठाची जुनी गोदामे ऑरलॉकचे घर म्हणून दाखवली आणि त्याचा गड म्हणून आजच्या स्लोव्हाकियातील ओरावा किल्ला घेतला. नंतर त्या खऱ्या जगाला छायालेखनाच्या क्लृप्त्यांनी हळूच बिघडवले. घोडागाडी अनैसर्गिक वेगाने धावते, कारण चित्रण कमी वेगाने करून ते नेहमीच्या वेगाने दाखवले आहे. जंगल पांढरे आणि आकाश काळे दिसते, कारण तेथे फिल्मची निगेटिव्ह, म्हणजे उलट छटांची प्रतिमाच वापरली आहे. रात्रीची दृश्ये भर उन्हात घेऊन फिल्म निळ्या रंगात बुडवली जाई, त्यामुळे ज्या प्रतीत हे रंग उडालेले आहेत तिच्यात ऑरलॉक दुपारी शवपेटी काखेत मारून हिंडताना दिसतो आणि प्रेक्षक हसतात. दोष प्रतीचा असतो, मुर्नाऊ यांचा नव्हे. (प्रकाश आणि सावलीचे हे जर्मन शिक्षण मुंबईपर्यंतही पोचले होते. म्युनिकच्या एमेल्का स्टुडिओतून आलेले छायालेखक योझेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये स्थिरावले आणि हिंदीतील गूढपटांचा आद्य नमुना मानला जाणारा १९४९ चा ‘महल’ त्यांनीच चित्रित केला.)

मॅक्स श्रेक या नटाने उभा केलेला ऑरलॉक पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. टकले डोके, वटवाघळासारखे कान, पुढे आलेले दोन दात आणि लांब होत जाणारी नखे असलेले हे प्रेत फारसे बोलत नाही, फारसे हलत नाही, आणि पुष्कळदा त्याच्याऐवजी त्याची सावलीच काम करते. जिन्यावरून चढणारी ती कुबडी सावली आणि एलेनच्या छातीवर आवळली जाणारी मुठीची सावली ही दोन दृश्ये पुढील पिढ्यांनी अनंत वेळा उचलली. या चेहऱ्याबद्दल एक अप्रिय गोष्टही नोंदवणे आवश्यक आहे. पूर्वेकडून येणारा, बाकदार नाकाचा, उंदरांसोबत रोगराई घेऊन शहरात घर विकत घेणारा परका, या चित्रात ज्यूंविरुद्धच्या त्या काळच्या विषारी प्रतिमांचे प्रतिबिंब अनेक अभ्यासकांना दिसले आहे. पटकथाकार गालेन आणि नॉक या वेड्या दलालाची भूमिका करणारे अलेक्झांडर ग्रानाख हे दोघे स्वतः ज्यू होते, तेव्हा हेतूविषयी घाईने निष्कर्ष काढता येत नाही. परंतु प्रतिमा निर्मात्याच्या हेतूपुरती मर्यादित राहत नाही, आणि आज हा चेहरा जसाच्या तसा पुन्हा वापरणाऱ्या दिग्दर्शकाला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

एगर्स यांच्याकडे वळण्यापूर्वी फसलेल्या पुनर्निर्माणाचे एक उदाहरण समोर असलेले बरे. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ १९६० चा. १९९८ मध्ये गस व्हॅन सँट या कर्तबगार दिग्दर्शकाने तो जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा चित्रित केला. पटकथा जोसेफ स्टेफानो यांची तीच, बर्नार्ड हरमन यांचे संगीत तेच, कॅमेऱ्याच्या जागा बहुतांश त्याच. नट नवे होते, चित्रपट रंगीत होता आणि नायिकेने चोरलेली रक्कम महागाईला अनुसरून ४० हजार डॉलरवरून ४ लाखांवर गेली होती. निष्पत्ती अशी की स्नानगृहातील हत्येचा जो प्रसंग १९६० मध्ये प्रेक्षकांच्या पायाखालची जमीन काढून घेत होता, तो १९९८ मध्ये पाठांतराची परीक्षा वाटला. प्रयोग म्हणून या चित्रपटाचे समर्थन करणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, कारण भय हे दृश्यांच्या क्रमात नसते हे त्याने सप्रमाण सिद्ध केले. परंतु असा पुरावा मिळवण्यासाठी पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्याची आवश्यकता नव्हती. याच्या दुसऱ्या टोकाला डेव्हिड क्रोननबर्ग यांचा १९८६ चा ‘द फ्लाय’ आहे. १९५८ च्या मूळ चित्रपटात शास्त्रज्ञाच्या धडावर एकदम माशीचे डोके येते. क्रोननबर्ग यांनी तेच स्थित्यंतर संथ केले, नखे गळतात, कातडी सुटते, दात पडतात, आणि प्रेयसीला ते डोळ्यांदेखत पाहत बसावे लागते. अणुयुगाच्या आरंभीची विज्ञानाची धास्ती त्यांनी काढून टाकली आणि तिच्या जागी असाध्य आजाराची, स्वतःच्याच शरीराने दगा देण्याची भीती ठेवली. गोष्टीचा सांगाडा तोच राहिला, पण आतली भीती बदलली, आणि पुष्कळांच्या मते हा रिमेक मूळ चित्रपटाहून सरस आहे. पुनर्निर्माणाची खरी कसोटी येथे सापडते: जुन्या चौकटीत स्वतःच्या काळाची भीती वसवता आली की नाही.

हर्झोग यांच्या १९७९ च्या चित्रपटाने ही कसोटी निराळ्या मार्गाने पार केली. तोवर कादंबरीचे हक्क संपले होते, म्हणून त्यांनी ड्रॅक्युला हे नाव परत आणले, पण चेहरा मात्र श्रेकचाच ठेवला आणि तो क्लाउस किन्स्की यांच्यावर चढवला. नाझी राजवटीने जर्मन चित्रपटाची परंपरा मध्येच तोडली, ‘वडिलांची’ पिढी विश्वासार्ह राहिली नाही, म्हणून युद्धोत्तर दिग्दर्शकांना थेट ‘आजोबांशी’, म्हणजे मुर्नाऊंच्या पिढीशी, नाते जोडावे लागले, असे हर्झोग यांचे प्रतिपादन होते. १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेल्या चित्रपट-इतिहासकार लोटे आइस्नर यांना त्यांच्या पिढीत जे मानाचे स्थान होते तेही याच कारणाने. किन्स्कींचा ड्रॅक्युला दमलेला आहे. त्याला मरता येत नाही हे त्याचे दुःख आहे, आणि शतके जगत राहण्याच्या त्या कंटाळ्यातून प्रेक्षकाला त्याची भीती वाटण्याऐवजी कीव येऊ लागते. प्लेगने ग्रासलेल्या चौकात, हजारो उंदरांच्या गराड्यात, चांगले कपडे घातलेली माणसे टेबल मांडून अखेरचे जेवण जेवतात, हा प्रसंग मुर्नाऊंच्या चित्रपटात नाही आणि तो एकटाच या पुनर्निर्माणाचे समर्थन करण्यास पुरेसा आहे. शेवटही हर्झोग यांनी उलटवला: येथे ल्युसी असे नाव असलेल्या नायिकेचे बलिदान वाया जाते, तिचा पती स्वतःच व्हॅम्पायर होऊन घोड्यावर स्वार होतो आणि उजाड वाळूतून दूर निघून जातो. व्हॅम्पायरच्या हृदयात खुंटी ठोकणाऱ्या डॉक्टरला अटक करण्याचा हुकूम सुटतो, पण साथीत पोलीस आणि तुरुंगाधिकारी मेलेले असल्यामुळे अटक करायला कोणी उरलेले नसते. हा विनोद इतका कोरडा आहे की तो अनेकांच्या लक्षातही येत नाही.

एगर्स यांचा मुर्नाऊंशी असलेला संबंध शालेय वयापासूनचा आहे; न्यू हॅम्पशायरमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी ‘नोस्फेरातू’चे नाट्यरूप रंगमंचावर आणले होते, आणि ‘द विच’ (२०१५), ‘द लाइटहाउस’ (२०१९) व ‘द नॉर्थमन’ (२०२२) या चित्रपटांनंतर त्यांना हा प्रकल्प हाती घेता आला. जुन्या काळाचे कपडे, बोली, अवजारे आणि अंधश्रद्धा यांचा बारकाईने अभ्यास करून तो काळ आतून दाखवणे, ही त्यांची ओळख आहे. कथा मुर्नाऊंप्रमाणेच १८३८ च्या विस्बोर्गमध्ये घडते, नावेही बहुतांशी तीच आहेत. परंतु एका निर्णयामुळे सगळा तोल बदलला आहे, तो म्हणजे चित्रपट हुटरचा न राहता एलेनचा झाला आहे. त्याची सुरुवातच एकाकी किशोरवयीन एलेन रात्री सोबतीसाठी प्रार्थना करते आणि त्या प्रार्थनेला भलत्याच कोणाकडून उत्तर मिळते, अशी आहे. त्यामुळे ऑरलॉक हा दूरदेशाहून आलेले संकट राहत नाही; तो आधीच आत होता, लग्नाने काही काळ दबला होता, आणि आता आपला हक्क मागायला आला आहे.

या बदलाचे बीज मात्र मुर्नाऊंकडेच आहे. मूकपटात गडावर ऑरलॉक हुटरवर झुकलेला असताना, शेकडो मैलांवर झोपेत चालणारी एलेन हात पुढे करून हाक मारते, आणि दोन ठिकाणच्या घटना आलटून-पालटून दाखवण्याच्या समांतर संकलनामुळे असे भासते की ऑरलॉकने तिची हाक ऐकून मान वळवली. ती कोणाला बोलावते, पतीला की त्याला, हे मुर्नाऊंनी सांगितले नाही. एगर्स यांनी त्या एका संदिग्ध नजरेतून दोन तासांचा चित्रपट काढला, आणि हे उत्तम वाचकाचे लक्षण आहे. लिली-रोज डेप यांची एलेन झटके येऊन धनुष्यासारखी वाकते, अंगात आल्याप्रमाणे बोलते, आणि आजूबाजूची सज्जन माणसे तिला बांधून ठेवतात, ईथर हुंगवतात, झोपतानाही कंबर आवळणारी काचोळी घालण्याचा सल्ला देतात. एकोणिसाव्या शतकातील वैद्यक स्त्रियांच्या अशा अवस्थेला ‘हिस्टेरिया’ म्हणे आणि तिचे मूळ गर्भाशयात शोधे. चित्रपटातील डॉक्टर दुष्ट नाही, तो त्याच्या पुस्तकांनुसार अगदी बरोबर वागतो, आणि म्हणूनच ते दृश्य अधिक गुदमरवणारे होते. स्त्री स्वतःच्या शरीराविषयी जे सांगते त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तिच्या इच्छेला आजार किंवा पाप या दोनच खणांत जागा मिळते, ही आजच्या प्रेक्षकाला ओळखीची असलेली भीती एगर्स यांनी १८३८ च्या पोशाखात, तिला आधुनिक भाषा न देता, उभी केली आहे. हुटरने गडावर परक्या भाषेतील कागदांवर सही करून आणि सोन्याची थैली घेऊन नकळत पत्नीवरचा हक्क सोडलेला असतो, ही भर तर विशेष मार्मिक आहे, कारण घरासाठी पैसा आणायला निघालेल्या नवऱ्याने घरच विकलेले असते.

ऑरलॉकच्या बाबतीत मात्र हिशेब इतका सरळ नाही. बिल स्कार्सगार्ड यांनी साकारलेला काउंट श्रेकपासून मुद्दाम दूर नेला आहे: भरघोस मिशा, केसाळ जड कोट, खरखरीत श्वास, आणि कुजत चाललेले धिप्पाड शरीर, असा हा मेलेला ट्रान्सिल्व्हेनियन सरदार आहे. पूर्व युरोपच्या लोककथांतील व्हॅम्पायर गळ्याऐवजी छातीतून रक्त पितो, म्हणून हाही पितो. तो बोलतो ती प्राचीन डेशियन भाषेची नव्याने रचलेली आवृत्ती आहे, आणि त्याचा खर्ज साधण्यासाठी स्कार्सगार्ड यांनी एका ऑपेरा-गायिकेकडे आवाजाची तालीम घेतली. जुन्या चेहऱ्याला चिकटलेला ज्यूद्वेषाचा डाग यामुळे सहज पुसला गेला, ही या रूपाची मोठी कमाई आहे. नुकसान असे की हा ऑरलॉक फार पटतो. श्रेकचे प्रेत कोणत्या वर्गात मोडते हेच कळत नाही, ते माणूस, उंदीर आणि रोग यांच्या मधल्या कोठल्यातरी जागेत उभे असते. एगर्स यांचा काउंट कोण होता, कोणत्या काळातला, कसा कुजला, हे सगळे तपशीलवार ठरलेले आहे, आणि ज्याचे कूळ सांगता येते त्याची दहशत वाटली तरी अनाकलनीय भय वाटत नाही.

कारागिरीच्या बाबतीत दुमत होण्याचे कारण नाही. प्रागच्या बारांडोव्ह स्टुडिओत विस्बोर्गच्या गल्ल्या उभारल्या गेल्या, गडाच्या बाह्यदृश्यांसाठी रुमानियातील हुनेदोआरा येथील कॉर्विन किल्ला वापरला, आणि छायालेखक जारिन ब्लाश्के यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर, मेणबत्ती व शेकोटीच्या उजेडात आणि तांबडा रंग जवळजवळ गाळून टाकलेल्या चांदण्यात चित्रण केले. हुटर बर्फाळ चौरस्त्यावर एकटा उभा आहे, झाडांच्या बोगद्यातून चालक नसलेली गाडी येते आणि तिचे दार आपोआप उघडते, हा प्रसंग मुर्नाऊंच्या धावत्या गाडीला तोडीस तोड आहे. झोपलेल्या शहरावरून सरकत जाणारी हाताची प्रचंड सावली मुर्नाऊंच्याच ‘फाउस्ट’ची (१९२६) आठवण करून देते. छायालेखन, नेपथ्यरचना, वेशभूषा आणि रंगभूषा या चार विभागांत चित्रपटाला ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार एकही मिळाला नाही. नामांकनांची यादी पाहिली तरी त्याचे बळ कोठे आहे हे कळते. तिकीटबारीवरही तो चालला, सुमारे ५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १८ कोटी डॉलर मिळवले, आणि मूकपटाच्या रिमेकला एवढा प्रेक्षक मिळेल असे फारसे कोणी धरले नव्हते.

दोष दिसतो तो बोलण्यात. मूकपट ९० मिनिटांच्या आसपास संपतो, हा १३० मिनिटांच्या पुढे जातो, आणि या वाढीव वेळाचा बराच भाग स्पष्टीकरणात जातो. विलम डफो यांचा प्राध्यापक फॉन फ्रान्झ हा विद्यापीठाने हाकललेला गूढविद्येचा जाणकार आहे. त्याचे पहिले नाव आल्बिन असावे हा ग्राऊ यांना केलेला नमस्कार मानता येईल, आणि २००० सालच्या ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’मध्ये श्रेकची भूमिका करणारे डफो येथे व्हॅम्पायरच्या शोधात निघावेत हा योगही मजेदार आहे. डफो पडद्यावर आले की चित्रपटात जीव येतो. तरीसुद्धा पाप आतून येते की बाहेरून, एलेन शापित आहे की पूर्वीच्या काळी पुरोहिता ठरली असती, हे प्रश्न पात्रे मोठ्याने विचारू लागतात तेव्हा जे दृश्यांतून आधीच पोचलेले असते त्याचा पुनरुच्चार होतो. एलेनला आसरा देणाऱ्या हार्डिंग कुटुंबाचे उपकथानकही लांबले आहे, जरी शेवटी मृत पत्नीच्या थडग्यात शिरणाऱ्या फ्रीड्रिख हार्डिंगचा अंत, ज्या सभ्य पुरुषाने एलेनच्या ‘विकृती’ला नाक मुरडले त्याच्याच प्रेमाला विकृतीच्या काठावर आणून ठेवतो आणि उपकथानकाचे थोडे सार्थक करतो. अधिक गंभीर आक्षेप शेवटावर घेतला जातो: एलेनला निवडीचे स्वातंत्र्य दिले, पण निवडायला मृत्यूखेरीज काही ठेवले नाही, मग १९२२ च्या सती-साध्वी नायिकेपेक्षा ती वेगळी कशी? या आक्षेपाला अर्धेच उत्तर देता येते. मुर्नाऊंची एलेन पतीसाठी आणि शहरासाठी मरते. एगर्स यांची एलेन स्वतःच्या भूतकाळाशी असलेला हिशेब मिटवते आणि त्यात शहर वाचते. फरक खरा आहे, पण पडद्यावर मिळणारी शिक्षा तीच आहे, आणि हर्झोग यांनी शेवट मोडून जे धाडस दाखवले ते येथे दिसत नाही.

तेव्हा निकाल असा द्यावा लागतो की एगर्स यांचा ‘नोस्फेरातू’ पुनर्निर्माण म्हणून यशस्वी आहे, कारण त्याने जुन्या कथेत दबून राहिलेली एलेनची बाजू वर आणून तिला आजची भीती दिली. ऑरलॉकच्या बाबतीत तो हर्झोग यांच्या मागे आणि मुर्नाऊंच्या बराच मागे राहतो, कारण न दाखवण्याची कला या दोघांइतकी त्याला साधलेली नाही. ‘सायको’च्या नकलेशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही, ‘द फ्लाय’प्रमाणे मुळाला मागे टाकण्यापर्यंतही त्याची मजल जात नाही. तिन्ही चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या वाचकाने क्रम काळाचाच ठेवावा, आणि १९२२ चा चित्रपट निवडताना मूळ रंगछटा व योग्य वेग राखलेली, जीर्णोद्धार केलेली प्रत मिळवावी. रंग उडालेल्या, घाईने पळणाऱ्या प्रतीवरून मुर्नाऊ यांच्याविषयी मत बनवू नये.